गाणे खिशात आले, गाणाऱ्याचे नाव कुठे गेले?

वाचकहो, बाजारात दोन यंत्रांची स्पर्धा लागली की नवे यंत्र आधी श्रीमंताच्या घरी जाते आणि त्याच्याकडचे जुने आपल्या वाट्याला येते, हा आपला नेहमीचा अनुभव. गाणी वाजवणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. एका बाजूला फक्त गाणी ऐकवणारा खिशातला प्लेअर होता आणि दुसऱ्या बाजूला बोलता बोलता गाणीही वाजवणारा मोबाइल. २००५ पासून पुढची दहा वर्षे ही स्पर्धा जगभर गाजली. तिचा निकाल मोठ्या शहरांच्या काचेच्या दुकानांत लागला असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते, तो तुर्भे स्टोअर, दिघा, रबाळे अशा वस्त्यांतल्या लहान टपऱ्यांवरही लागला. कारण दोन यंत्रे घेण्याची ऐपत ज्याच्याकडे नसते, तोच कोणते एक ठेवायचे हे ठरवतो.

या निकालात आपण काय कमावले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

टेपरेकॉर्डरचा जमाना

आपल्या समाजाला गाणे म्हणजे नुसती करमणूक कधीच नव्हती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे जलसे गावोगाव फिरत होते. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांना चळवळ कळली ती गाण्यातून. पण ते गाणे ऐकायला माणसाने माणसासमोर बसावे लागे. तबकड्यांच्या काळात एक मोठी कंपनी बाजार धरून होती आणि आपल्या शाहिरांना त्या दरवाजातून क्वचितच प्रवेश मिळे.

तो दरवाजा कॅसेटने उघडला. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही कॅसेट १९८० च्या दशकात भारतात स्वस्त झाली. छोट्या छोट्या कंपन्या निघाल्या. थोड्या भांडवलात ध्वनिमुद्रण होऊ लागले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत पोहोचले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. माणसे परतताना एक पुस्तक आणि एक कॅसेट घेऊन परतत.

ज्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची धुरांडी उभी राहिली, त्याच काळात ही कॅसेट आपल्या घरात आली. सिडकोची स्थापना १९७० ची. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेला कामगार खाडीपलीकडच्या या नव्या शहरात राहू लागला. मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल १९९२ साली आली. पहिल्या बोनसमध्ये पंखा, दुसऱ्या बोनसमध्ये टेपरेकॉर्डर, असा अनेक घरांचा क्रम होता. रीळ अडकले तर पेन्सिल घालून फिरवायचे, सेल उतरले तर उन्हात ठेवायचे. टेप फळीवर असे, म्हणून ऐकणारे सारे घर असे. भाकरी थापणारी आई, अभ्यास करणारी मुले, पाळी संपवून आलेले वडील, सगळ्यांना एकच गाणे.

एकट्याने ऐकण्याची सुरुवात

याच सुमारास जपानमध्ये वेगळी वाट निघाली होती. सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आणला. चालता चालता कानाला लावून ऐकायचे यंत्र! गंमत अशी की पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन भोके होती. एकट्यानेच ऐकणे हे शेजारच्याला उद्धटपणाचे वाटेल, अशी शंका कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना होती, म्हणून दोघांनी मिळून ऐकण्याची ही सोय. पुढे ते दुसरे भोक गेले. लोकांना एकट्यानेच ऐकायचे होते.

त्यानंतर एमपीथ्री आले. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा यात मोठा वाटा. माणसाच्या कानाला जे आवाज तसेही नीट पकडता येत नाहीत ते गाळायचे आणि गाणे साधारण दहाव्या हिश्श्यात बसवायचे, ही त्यातली युक्ती. १९९५ साली या प्रकाराला एमपीथ्री हे नाव मिळाले. १९९८ साली दक्षिण कोरियातील एका कंपनीने ३२ एमबीचा प्लेअर काढला. त्यात जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावत. २३ ऑक्टोबर २००१ रोजी अ‍ॅपलने आयपॉड जाहीर केला. पाच जीबी जागा, हजार गाणी, आणि किंमत ३९९ डॉलर!

आपल्या वस्त्यांत आयपॉड असा आलाच नाही, आणि वॉकमनही एखाद्याच्याच घरी, तो बहुधा आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकाने आणलेला. आपण टेपवरून थेट मोबाइलवर उडी मारली. मधली पायरी आपण चढलोच नाही, कारण फक्त गाणी ऐकायला एवढे पैसे घालणे आपल्याला परवडणारे नव्हते.

मोबाइल का जिंकला?

सोनीनेच १९७९ साली वॉकमन आणला होता आणि त्याच नावाचा मोबाइल २००५ साली आला, सोनी एरिक्सन डब्ल्यू ८००. सोबत ५१२ एमबीचे कार्ड. म्हणजे वॉकमनच्या घरातच वॉकमनचा वारस जन्मला! त्याच वर्षी मोटोरोलाने अ‍ॅपलशी हातमिळवणी करून रॉकर नावाचा फोन काढला, पण त्यात शंभरापेक्षा जास्त गाणी भरू द्यायची नाहीत असे बंधन होते. आपल्या आयपॉडच्या विक्रीला धक्का नको, हा त्यामागचा हेतू असल्याचे तेव्हा बोलले गेले. तो फोन चालला नाही. नोकियाने एक्स्प्रेसम्युझिक या नावाने खास गाण्यांचे फोन काढले. शेवटी ९ जानेवारी २००७ रोजी अ‍ॅपलनेच आयफोन जाहीर केला आणि स्वतःच्या आयपॉडला स्वतःच स्पर्धक उभा केला. १० मे २०२२ रोजी आयपॉडचे उत्पादन थांबवल्याची घोषणा झाली.

पण आपल्यापर्यंत गाणारा फोन पोहोचवला तो या बड्या नावांनी नव्हे. तैवानच्या मीडियाटेक कंपनीने फोनचे जवळजवळ सगळे अंग एका चिपमध्ये तयार करून दिले. त्यावर चीनमधल्या शेकडो लहान कारखान्यांनी स्वस्त फोन काढले. दोन सिमकार्डे, मेमरी कार्डाची जागा, आणि मागे एवढा मोठा स्पीकर की अख्खी खोली दणाणावी! हे फोन ‘चायना मोबाइल’ म्हणून ओळखले जात. त्यातल्या अनेकांना आयएमईआय हा ओळखक्रमांकच नव्हता. सुरक्षेच्या कारणावरून नोव्हेंबर २००९ अखेर अशा फोनची सेवा सरकारने बंद करायला लावली आणि अनेकांचा फोन एका रात्रीत नुसताच गाणी वाजवणारा डबा झाला. पाहा, नशिबाने प्लेअर मिळाला तोही असा!

जिंकण्याचे कारण साधे होते. फोन कामासाठी लागणारच होता. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला मुकादमाचा निरोप फोनवर येतो, घरकाम करणाऱ्या बाईला बाईसाहेबांचा. जो लागतोच त्यातच गाणी मिळाली, तर वेगळे यंत्र कोण घेईल? एकच चार्जर, एकच बॅटरी, एकच जपायची वस्तू.

गाणी भरून मिळतील

त्या वर्षांत रेल्वे स्थानकांच्या आवारात, नाक्यावर, बाजारात ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. दुकानदाराच्या संगणकात हजारो गाणी. आपण कार्ड द्यायचे, ‘दोनशे भीमगीते, शंभर लोकगीते, उरलेल्या जागेत सिनेमाची’ असे सांगायचे, वीस-पन्नास रुपये द्यायचे आणि चहा पिऊन येईपर्यंत कार्ड तयार. एका मिनिटाच्या गाण्याला साधारण एक एमबी जागा, म्हणजे एका जीबीच्या कार्डात दोनशेच्या आसपास गाणी. एवढ्या कॅसेट घ्यायच्या तर वर्षाचा बोनस गेला असता.

ही सोय होती, यात शंका नाही. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ती चोरीच होती, हेही खरे. आणि चोरी कोणाची? मोठ्या सिनेमा कंपनीला फरक पडला तरी ती तगली. आपल्या शाहिराला, ढोलकीवाल्याला, कोरसमध्ये गाणाऱ्या बाईला मात्र कॅसेटच्या ध्वनिमुद्रणाचे जे चार पैसे मिळत तेही थांबले, कारण कॅसेट काढणाऱ्या लहान कंपन्याच बसल्या.

नाव कुठे गेले?

पैशांपेक्षाही मोठे नुकसान दुसरे आहे. कॅसेटच्या आत एक घडी घातलेला कागद असे. त्यावर गीतकाराचे, गायकाचे, संगीतकाराचे नाव छापलेले असे. मुले तो कागद वाचत. मेमरी कार्डात आलेल्या गाण्याला मात्र नाव असे ते ‘ट्रॅक ०७’, नाहीतर कुठल्यातरी संकेतस्थळाचे किंवा गाणी भरणाऱ्या दुकानाचे! गाणे आले आणि शाहीर गळून पडला.

लोककवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच, २३ जून २००४ रोजी, प्रल्हाद शिंदे गेले. गाणारा फोन आला तो पुढच्याच वर्षी. म्हणजे ज्यांचे शब्द आणि ज्यांचा आवाज सर्वात जास्त खिशांतून वाजला, त्या दोघांनी तो चमत्कार पाहिलाच नाही. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात जन्मलेल्या, तरुणपणी कुठे अक्षरओळख झालेल्या वामनदादांनी हजारो गीते रचली. त्यांतली कितीतरी आज ‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली फिरतात. परंपरा गाणी लिहीत नाही, माणूस लिहितो. ज्या समाजाला शतकानुशतके नावच नाकारले गेले, त्याने आपल्या कवीचे नाव हरवू द्यावे काय?

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, हे थोड्यांना ठाऊक आहे. रचनेवर आपले नाव असण्याचा कवीचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे, आणि रचना विकली तरी तो हक्क जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क मिळाला, आणि तो त्यांच्याकडून कंपनीला लिहून घेता येत नाही. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे हे हक्क वारसांकडे राहतात. म्हणजे वामनदादांच्या रचनांबाबत २०६४ सालच्या अखेरपर्यंत. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था असे मानधन गोळा करून सभासदांना वाटते. आपल्या वस्तीत जे गीत लिहितात, चाली बांधतात, त्यांनी तिचे सभासदत्व घ्यावे. गाणे समाजाचे आहे हे खरे, पण गाणाऱ्याची चूल त्याच्या एकट्याची असते.

कोपरखैरणे ते घणसोली

मोबाइलच्या या कहाणीत नवी मुंबईचे नाव दोनदा येते. रिलायन्स इन्फोकॉमची सेवा २८ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाली, तिचे मोठे केंद्र कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीत होते. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन घरी न्या, अशी योजना निघाली आणि रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्याच्या हातात फोन आला. त्या कंपनीची मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद पडली, पण फोन ही चैनीची वस्तू नाही हे तिने पटवून दिले होते.

दुसऱ्यांदा नाव आले ते घणसोलीचे. तिथल्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून जिओचा कारभार चालतो. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सर्वांसाठी सुरू झाली. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आता सुरुवातीचे काही महिने डेटा फुकटच मिळाला. २०१७ साली पंधराशे रुपये अनामत ठेवून मिळणारा जिओफोनही आला. बस्स, गाणी भरून देणाऱ्या दुकानांचा धंदा संपला. कार्डात गाणे ठेवायचे कशाला, हवे तेव्हा यूट्यूबवर मिळते!

इथे मात्र एक मेख आहे. कॅसेट एकदा घेतली की ती आपली. कार्ड भरले की ते आपले. आताचे गाणे भाड्याचे आहे. रिचार्ज संपले की शाहीर गप्प. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओची २३९ रुपयांची रोज दीड जीबीची योजना २९९ झाली. घरात चार फोन असतील तर अठ्ठावीस दिवसांचे होतात ११९६ रुपये. त्यातला किती डेटा चित्र बघण्यात जातो, जेव्हा ऐकायचे फक्त गाणे असते, याचा हिशेब आपण कधी करतो का? नुसते गाणे तासाला साठ-सत्तर एमबी खाते, चित्रासह तेच त्याच्या कितीतरी पट.

खिशातला भोंगा

प्लेअर आणि फोन यांत आणखी एक फरक आहे. प्लेअर फक्त मालकाच्या कानात बोलतो. फोन चारचौघांत बोलतो. रिंगटोनमधून माणूस आपण कोण आहोत हे न विचारता सांगतो. आपल्या तरुणांनी बाबासाहेबांवरील गाण्यांच्या रिंगटोन अभिमानाने ठेवल्या. आणि त्याची किंमतही एका घराने मोजली. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे लग्नासाठी आलेल्या, परिचारकाचे शिक्षण घेणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, यावरून वादाला तोंड फुटले, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले. सिनेमाच्या गाण्याची रिंगटोन कोणाला खुपत नाही. खुपले ते गाणे नव्हते, ते वाजवण्याची हिंमत खुपली. गाणे ऐकण्याचे यंत्र बदलले, ऐकून घेण्याची दानत बदलली नाही, एवढेच यातून दिसते.

या अन्यायाची चीड आहेच. पण तेवढ्याच निर्धाराने हेही म्हणावे लागेल की लोकलच्या गर्दीत फोनचा भोंगा लावून दुसऱ्याला छळणे हा अभिमान नव्हे. रात्रपाळी करून पनवेल गाडीत डुलकी घेणारा कामगार आपलाच भाऊ आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गाड्यांत मोठ्याने गाणी लावण्यास मनाई केली. एप्रिल २०२३ मध्ये बेस्टनेही बसमध्ये इअरफोनशिवाय गाणी लावण्यास बंदी केली. गाणे आपल्या अंगणात, सभेत, जयंतीत दुमदुमू द्या. प्रवासात ते कानातच बरे.

पण कानातही बेताने. बारा ते पस्तीस वयातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला मोठ्या आवाजात ऐकण्यामुळे धोका असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालेल, ही तिची मर्यादा. कारखान्यात दिवसभर यंत्राच्या आवाजात उभ्या राहणाऱ्याचे कान तर आधीच शिणलेले असतात. आणि रूळ ओलांडताना कानात इअरफोन? वाचकहो, ते सांगायचीही गरज पडू नये.

घरात पाळी कोणाची?

फळीवरचा टेप सगळ्यांचा होता. फोन ज्याच्या खिशात, त्याचाच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचे आढळले. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायांचे गाणे दुसऱ्याच्या मर्जीवर. टाळेबंदीत तर एकाच फोनवर शाळा, कामाचे फोन आणि गाणी सारे आले, आणि आईची पाळी सगळ्यात शेवटी. ज्या बायांनी जात्यावर ओव्या रचल्या, बाबासाहेबांवर रचल्या, त्यांच्याच घरात त्यांचे गाणे रांगेत सर्वात मागे उभे राहिले.

गंमत म्हणजे बाजाराला हे आपल्याआधी कळले. सारेगामा कंपनीने २०१७ साली कारवां नावाचा रेडिओसारखा डबा काढला. पाच हजार जुनी गाणी आत भरलेली, इंटरनेट नको, बटण फिरवले की सुरू. ज्येष्ठांच्या घरी तो खूप चालला, पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. २०२२ साली तर याच कंपनीने पंधराशे गाणी भरलेला बटणांचा फोन काढला. प्लेअरवाल्यानेच फोन काढला, स्पर्धेचे चक्र पुरे फिरले!

आपण काय करावे?

नवे यंत्र नको असे आम्ही म्हणणार नाही. बाबासाहेबांच्या लेकरांनी यंत्राला घाबरू नये, यंत्र वापरून घ्यावे. चार साध्या गोष्टी करता येतील.

पहिली, आवडती गाणी रिकाम्या मेमरी कार्डात किंवा पेन ड्राइव्हमध्ये अधिकृतपणे विकत घेऊन साठवा. स्वस्त स्पीकरला तो जोडला की घराला पुन्हा फळीवरचा टेप मिळेल आणि गाण्यावर आईचाही हक्क राहील.

दुसरी, फाइलचे नाव बदलायला दोन मिनिटे लागतात. आधी गीतकार, मग गायक, मग गाण्याचे शब्द. हे काम शाळेतल्या मुलांना द्या. त्यांच्या बोटांना ते जमते आणि नावे पाठ होतात.

तिसरी, घरातल्या आजीच्या ओव्या, वस्तीतल्या जुन्या गायनपार्टीची गाणी याच फोनवर मुद्रित करा. तारीख, गाव आणि नाव बोलून मग गाणे घ्या. टेपच्या काळात ध्वनिमुद्रणाला मुंबईचा स्टुडिओ लागे. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे.

चौथी, जुन्या कॅसेट रद्दीत देऊ नका. टेपमधून फोनमध्ये किंवा संगणकात एका तारेने त्या उतरवता येतात. निदान आतला कागद तरी जपून ठेवा.

फोन आणि प्लेअर यांच्या स्पर्धेत कोण जिंकले याची चर्चा कंपन्यांनी करावी. जयंतीच्या मिरवणुकीत एखादे गाणे लागले आणि शेजारच्या पोराने ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारले, तर उत्तर देणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असला पाहिजे. त्यासाठी कोणत्याही कंपनीचे रिचार्ज लागत नाही.